बक्षीसपत्र घरात, कर्ज जामीनदाराच्या दारात

मार्च महिना आला की सोलापुरातील वृत्तपत्रांची आतली पाने बारीक अक्षरांतील नोटिशींनी भरून जातात. बँकांच्या ताबा-नोटिसा, पतसंस्थांच्या लिलावाच्या जाहिराती, वसुली अधिकाऱ्यांची निर्वाणीची पत्रे यांची एकच गर्दी उसळते. वाचक बहुधा त्यांवरून नजर फिरवून पान उलटतो. परंतु कर्जदाराचे नाव, जामीनदारांची नावे आणि मालमत्तेचे वर्णन हे तिन्ही रकाने जो शांतपणे वाचील, त्याला कधी कधी एक चमत्कारिक गोष्ट आढळेल. कर्ज एकाचे असते आणि लिलावाला निघालेले घर दुसऱ्याचे. मूळ कर्जदाराच्या नावासमोर मालमत्ता म्हणून दाखविण्यासारखे काही उरलेलेच नसते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका शिक्षकाने पतसंस्थेच्या दहा लाखांच्या कर्जासाठी आपल्या सहकाऱ्याला जामीन राहण्याचे मान्य केले. सहकाऱ्याची जुळे सोलापुरात सदनिका आहे, गावाकडे वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा आहे, तेव्हा भीती कसली, असे त्याला वाटले. दोन वर्षे हप्ते वेळेवर येतात, नंतर थकू लागतात. संस्थेची पहिली नोटीस कर्जदाराच्या हाती पडते आणि त्याच महिन्यात तो दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन सदनिकेचे बक्षीसपत्र पत्नीच्या नावे करून देतो. जमिनीतील हिस्सा हक्कसोडपत्राने भावाला देऊन टाकतो. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले वा नातवंडे यांना बक्षीस द्यावयाची असेल, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. इतर आकार काय तो वेगळा. सगळे काम एका दुपारचे. घर तेच, घरात राहणारी माणसे तीच, दारावरची पाटीही तीच. बदलते ते फक्त सरकारी कागदावरचे नाव.

यथावकाश संस्थेला वसुली दाखला मिळतो. वसुली अधिकारी कर्जदाराची मालमत्ता शोधू लागतो, तेव्हा त्याच्या हाती काही लागत नाही. जामीनदाराचा पगार मात्र ठरलेल्या तारखेला ठरलेल्या खात्यात जमा होतो. तो कोठे लपविता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ अन्वये जामीनदाराचे दायित्व कर्जदाराइतकेच असते. आधी कर्जदाराच्या मागे लागा आणि मग माझ्याकडे या, असे म्हणण्याची त्याला सोय नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. परिणामी चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार घडतो, आणि तोही सर्वस्वी कायदेशीर मार्गाने!

धनकोला चुकविण्यासाठी केलेली मालमत्तेची अशी हस्तांतरे ही आजची नवी युक्ती नाही. तिच्याविरुद्धचा कायदाही नवा नाही. मग तो कायदा जामीनदाराच्या उपयोगी का पडत नाही, हा खरा प्रश्न आहे.

मेंढ्यांवरची खूण

या कायद्याचा उगम इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथच्या काळात, १५७१ साली झाला. त्याखाली १६०१ साली चाललेला ट्वाइनचा खटला आजही वकिलीच्या विद्यार्थ्यांना शिकविला जातो. पिअर्स नावाच्या एका माणसाला ट्वाइनचे चारशे पौंड देणे होते आणि दुसऱ्या एका धनकोचे दोनशे. दुसऱ्याने दावा लावला. दावा चालू असतानाच पिअर्सने आपली झाडून सारी जंगम मालमत्ता गुपचूप ट्वाइनच्या नावे करून दिली. परंतु ती प्रत्यक्षात राहिली पिअर्सच्याच ताब्यात. मेंढ्यांची लोकर तोच कातरीत होता आणि त्यांच्या अंगावर खूणही स्वतःचीच उमटवीत होता. सरकारी अंमलदार जप्तीला आले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, हा माल ट्वाइनचा आहे! न्यायालयाने हा व्यवहार कपटाचा ठरविला, आणि कपट ओळखावयाचे कसे याच्या खुणाही सांगून ठेविल्या. स्वतःसाठी काहीही न ठेवता सारी मालमत्ता देऊन टाकणे, व्यवहार गुप्तपणे करणे, दावा चालू असताना तो करणे, आणि देऊन टाकल्यावरही वस्तूचा उपभोग स्वतःच घेत राहणे, या त्यांतल्या ठळक खुणा होत. आपल्या उदाहरणातील सदनिकेच्या दारावर जुनीच पाटी राहते, तीही त्या मेंढ्यांवरच्या खुणेसारखीच होय.

हेच तत्त्व आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ मध्ये आले आणि १९२९ च्या दुरुस्तीने त्याला आजचे रूप मिळाले. धनकोंना नाडण्याच्या किंवा त्यांची वसुली लांबणीवर टाकण्याच्या हेतूने केलेले स्थावर मालमत्तेचे हस्तांतर, नाडल्या गेलेल्या कोणाही धनकोच्या इच्छेनुसार रद्द करण्याजोगे ठरते, असे हे कलम सांगते. ज्याने प्रामाणिकपणे आणि मोबदला देऊन मालमत्ता घेतली असेल, त्याला मात्र संरक्षण आहे. हे योग्यच आहे, कारण विकणाऱ्याच्या मनातील पापाची शिक्षा विकत घेणाऱ्या निष्पाप माणसाला होता कामा नये.

येथे आणखी एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. अनेक धनकोंपैकी एकाचेच खरे देणे आधी फेडले, म्हणून काही ते कपट ठरत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१५ साली मुसाहर साहू यांच्या खटल्यात हा दंडक घालून दिला. कोणाचे देणे आधी फेडावे हे ऋणकोने ठरवावे. दिवाळे निघाल्यावर काय होते ही बाब निराळी. कायद्याचा रोख आहे तो, कोणाचेच देणे फेडले जाऊ नये म्हणून मालमत्ता आपल्याच माणसांच्या आड दडवून ठेवण्याच्या वृत्तीवर.

वरातीमागून घोडे

कायदा असा स्वच्छ असूनही व्यवहारात तो लंगडतो. याचे पहिले कारण हे की, असे हस्तांतर आपोआप निरर्थक ठरत नाही. कोणीतरी न्यायालयात जाऊन ते रद्द करून घ्यावे लागते. तोपर्यंत नोंदणी झालेला कागद खराच मानला जातो. ज्याने शिकस्तीने हप्ते भरून कर्ज फेडले, त्या जामीनदाराने पुन्हा वकील लावून, न्यायालय शुल्क भरून वर्षानुवर्षे दावा चालवावा, अशी ही अपेक्षा आहे.

दुसरे कारण, हेतू सिद्ध करण्याचे ओझे प्रथमतः धनकोवर पडते. हेतू हा मनात असतो आणि पुरावा घरात असतो. बक्षीस देणारा पती, घेणारी पत्नी, साक्षीदार मेहुणा. सारेच एका छपराखालचे. पत्नीने आपले दागिने मोडून पतीला पूर्वी पैसे दिले होते, त्याची ही परतफेड आहे, असे कैफियतीत लिहिले की ते खोडून काढण्यासाठी परक्या माणसाने पुरावा आणावा तो कोठून?

तिसरे कारण कायद्याच्या रचनेतच आहे. एखाद्या धनकोला हस्तांतर रद्द करून घेण्यासाठी दावा लावावयाचा असेल, तर तो सर्व धनकोंच्या वतीने किंवा त्यांच्या हितासाठी लावावा लागतो. तत्त्वतः हे न्याय्य आहे. एकाने लढावे आणि त्यानेच सारे गिळावे असे होऊ नये. परंतु प्रत्यक्षात एकट्या जामीनदाराला हे काम डोईजड होते. मालमत्ता घेणाऱ्याने स्वतःच दावा लावला, तर बचावात धनकोला या कलमाचा आधार घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने अब्दुल शकूर साहेब विरुद्ध अर्जी पापा राव या खटल्यात म्हटले आहे. तेवढाच काय तो दिलासा.

आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे वेळ. सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्याकडेच पाहा. कलम ९९ सांगते की, निबंधकांचा वसुलीचा दाखला निघाल्यानंतर केलेले खाजगी हस्तांतर त्या संस्थेपुरते निरर्थक होय. कलम ९५ खाली, प्रतिपक्ष मालमत्तेची विल्हेवाट लावण्याच्या बेतात आहे असे दिसल्यास निवाड्यापूर्वीही जप्ती करता येते. दिवाणी न्यायालयांनाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८ खाली तसाच अधिकार आहे. पण यांपैकी पहिली तरतूद दाखला निघाल्यानंतर जागी होते आणि बाकीच्या, तंटा उभा राहिल्यानंतर. हुशार ऋणको त्यापूर्वीच आपले काम उरकून घेतो. दाव्याआधीच नोंदणी होऊन दुसऱ्याच्या नावे गेलेली मालमत्ता प्रतिवादीची राहत नाही, आणि जी प्रतिवादीची नाही ती दाव्यातील तात्पुरत्या जप्तीत सहसा सापडत नाही. हप्ता थकणे आणि तंटा दाखल होणे यांमध्ये जे काही महिने जातात, तेवढ्या फटीतून सारी मालमत्ता बाहेर पडते. मागून येतात ती वरातीमागची घोडी.

फौजदारी कायद्यात या कृत्याला शिक्षाच नाही असे नाही. जुन्या भारतीय दंड संहितेतील ४२१ ते ४२४ ही कलमे याच अपराधांसाठी होती आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती ३२० ते ३२३ या क्रमांकांनी आली आहेत. परंतु ‘हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे’ हे वाक्य पोलीस ठाण्याच्या पायरीवर किती जणांना ऐकावे लागते, हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

आजचा धनको कोण?

धनको म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चोपडी काखेत मारलेला सावकार उभा राहतो आणि सहानुभूती नकळत ऋणकोकडे झुकते. मराठी मनाला हे स्वाभाविकच आहे. परंतु आजच्या सोलापुरात धनको कोण, याचा शांतपणे विचार केला पाहिजे. पतसंस्थेत निवृत्तीची पुंजी ठेवणारा कारकून धनको आहे. गिरणी वा कारखाना बंद पडल्यावर थकलेल्या वेतनासाठी झगडणारा कामगार धनको आहे. कारखान्याला ऊस घालून बिलाची वाट पाहणारा माढ्याचा किंवा माळशिरसचा शेतकरी धनको आहे. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे त्याला चौदा दिवसांत पैसे मिळावयास हवेत. पतीने पोटगी द्यावी असा हुकूम हाती असलेली, पण पतीच्या नावे काहीच नाही असे उत्तर ऐकणारी परित्यक्ता हीसुद्धा धनकोच आहे. आणि दुसऱ्याचे कर्ज फेडणारा जामीनदार, फेडीच्या त्या क्षणापासून, कर्जदाराचा धनको होतो.

रिझर्व्ह बँकेने २२ सप्टेंबर २०२२ रोजी सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. पुरेसे भांडवल व उत्पन्नाची शक्यता उरली नाही, हे त्याचे कारण देण्यात आले होते. कपटी हस्तांतरांचा त्याच्याशी संबंध आहे असे येथे सुचवावयाचे नाही. सांगावयाचे ते इतकेच की, अशा प्रसंगी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. त्यावरच्या रकमेसाठी ठेवीदाराला अवसायकाकडे पाहत बसावे लागते. अवसायकाच्या हाती काय पडेल, हे थकबाकीदारांच्या नावावर काय शिल्लक आहे यावर अवलंबून असते. म्हणजे कोणा एका थकबाकीदाराने पत्नीच्या नावे केलेले बक्षीसपत्र हे त्याच्या घरातले खाजगी प्रकरण राहत नाही. ते कोणातरी अनोळखी ठेवीदाराच्या मुलीच्या लग्नाच्या किंवा औषधपाण्याच्या पैशातून दिलेले बक्षीस असते.

चार जिल्ह्यांचा धडा

कागद खरा आणि व्यवहार खोटा, हे दुखणे सोलापूरला परके नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत सावकारांची कर्जखते जाळण्यात आली. त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो लागू करण्यात आला पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीत विशेष न्यायाधीश म्हणून काम केले होते.

त्या काळी कपट होते ते बहुधा धनकोच्या बाजूने. शंभर रुपये देऊन दोनशेचे खत लिहून घ्यावयाचे, गहाणाला खरेदीचे रूप द्यावयाचे, अशी रीत होती. या कायद्याने न्यायालयांना असा अधिकार दिला की, खतात काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता त्यांनी कर्जाचा मुळापासून हिशेब पाहावा आणि व्यवहाराचे खरे स्वरूप कोणते याचा शोध घ्यावा. सहीचा कागद म्हणजे ब्रह्मवाक्य, या समजुतीला या चार जिल्ह्यांत निदान शेतकऱ्यापुरता छेद मिळाला.

हा धडा पुढे महाराष्ट्राने विसरला नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याच्या कलम १८ अन्वये, सावकाराने कर्जाच्या तारणापोटी बळकावलेली स्थावर मालमत्ता, खरेदीखत झालेले असले तरी, जिल्हा निबंधक चौकशी करून परत देवववू शकतात. आणि त्यासाठी पंधरा वर्षे मागे जाऊन पाहण्याची मुभा आहे. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा त्याहून पुढे गेला. वित्तीय आस्थापनेने आपली मालमत्ता प्रामाणिकपणे व योग्य मोबदला घेऊन विकलेली नाही, असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर त्याच्या कलम ८ खाली नियुक्त न्यायालय मालमत्ता घेणाऱ्यालाच नोटीस काढून जाब विचारते. तुमची मालमत्ता जप्त का करू नये, हे त्याने सांगावयाचे. उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ साली हा कायदा घटनाबाह्य ठरविला होता. परंतु पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला आणि २०२२ साली नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणातही त्याचा व्यापक अर्थ उचलून धरला.

कंपन्यांच्या दिवाळखोरीसाठी २०१६ साली जी संहिता झाली, तिच्यात तर काळाचा दंडकच घातलेला आहे. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच्या एका वर्षात, आणि व्यवहार आप्तसंबंधितांशी असल्यास दोन वर्षांत, एखाद्याला झुकते माप देऊन केलेली हस्तांतरे हेतू सिद्ध न करताही उलटविता येतात. जेपी इन्फ्राटेक या कंपनीने आपली शेकडो एकर जमीन पालक कंपनीच्या कर्जासाठी गहाण ठेवली होती. ते गहाण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये याच तत्त्वावर टिकू दिले नाही.

अर्थात, कायद्याला धार असून भागत नाही. ती वेळीच वापरावी लागते. मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्स कंपनीचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. कंपनीतून संशयास्पद मार्गांनी बाहेर गेल्याचा आरोप असलेल्या सुमारे ४५ हजार कोटी रुपयांच्या वसुलीसाठी प्रशासकाने अर्ज केले होते. कंपनी नव्या मालकाकडे देण्याची योजना ठरली, तेव्हा कपटी व्यवहारांच्या अर्जांतून पुढे-मागे जे वसूल होईल, त्याची किंमत धरण्यात आली अवघा एक रुपया. आणि ती वसुली नव्या मालकाची, असे ठरले. धनकोंच्या समितीने आपल्या व्यापारी शहाणपणाने हे मान्य केले होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२५ रोजी योजनेतील ही अट कायम ठेवली. न्यायालयाचे कायदेशीर तर्कशास्त्र काहीही असो, सामान्य माणसाला यातून कळते ते एवढेच की, हातून निसटलेली मालमत्ता परत मिळण्याची आशा जाणत्या धनकोंच्या समितीलाही एका रुपयाइतकीच वाटते. तेथे सोलापूरच्या जामीनदाराची काय कथा?

घर वाचविणे म्हणजे कपट काय?

येथे एक आक्षेप येईल आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पतीच्या धंद्यात खोट आली म्हणून पत्नी-मुलांनी रस्त्यावर यावे काय? घर वाचविण्याची धडपड हा गुन्हा आहे काय? दारू किंवा सट्टा यांपायी घर उधळणाऱ्या पतीकडून पत्नीने वेळीच घर आपल्या नावे करून घेतले, तर त्यात वाईट ते काय?

या आक्षेपात तथ्य आहे. कुटुंबातील सरसकट प्रत्येक बक्षीसपत्राकडे संशयाने पाहणे अन्यायाचे होईल. देणे नसताना, किंवा देणे फेडण्यास पुरेशी मालमत्ता मागे ठेवून दिलेली भेट ही खरीच भेट होय. कायद्यानेही ऋणकोला उघडे पाडलेले नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली शेतकऱ्याचे राहते घर, कारागिराची हत्यारे, अंगावरचे व अंथरूण-पांघरुणाचे कपडे, वेतनाचा मोठा भाग अशा कित्येक गोष्टी जप्तीतून वगळलेल्या आहेत. हे संरक्षण अपुरे वाटत असेल, लहान कर्जदाराचे एक राहते घर त्यात यावे असे वाटत असेल, तर तशी मागणी जरूर करावी. परंतु ती उघडपणे, सर्वांसाठी एकच नियम म्हणून करावी. कायद्याने दिलेला आसरा आणि खोट्या कागदाने मिळविलेला आसरा यांत फरक आहे. पहिला गरजवंताला मिळतो. दुसरा ज्याच्यापाशी वकील आणि विश्वासू मेहुणा असतो त्यालाच मिळतो. शिवाय जामीनदारालाही घर असते, पत्नी असते, मुले असतात, हे विसरून कसे चालेल?

फट बुजविता येईल

उपाय फार दूर शोधावयास नकोत; ते निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेले आहेतच. आपल्या राज्यघटनेप्रमाणे सहकारी संस्था हा विषय राज्याच्या अखत्यारीतला आहे. ठेवीदारांच्या कायद्यातील कलम ८ सारखी तरतूद महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सहकारी संस्थांच्या कायद्यात घालावी. कर्ज थकल्याच्या तारखेपूर्वीच्या, समजा, दोन वर्षांत आणि त्यानंतर केव्हाही, मोबदल्याशिवाय किंवा जवळच्या नातलगांना केलेले हस्तांतर धनकोंना चुकविण्यासाठीच केले असे प्रथमदर्शनी मानावे आणि ते तसे नाही हे दाखविण्याची जबाबदारी मालमत्ता घेणाऱ्यावर टाकावी. ज्याच्या घरात पुरावा आहे त्यानेच तो द्यावा, यात अन्याय कसला? अशा मागे पाहण्याची कल्पना व्यक्तींच्या बाबतीतही नवी नाही; १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात दोन वर्षांची मुदत घातलेलीच होती. फक्त तिचा लाभ घेण्यासाठी आधी ऋणकोला नादार ठरवून घ्यावे लागते आणि ती वाट सामान्य माणसाला झेपत नाही.

दुसरा उपाय नोंदणी कार्यालयात होण्याजोगा आहे. दस्त करून देणारा माणूस तोच आहे काय आणि त्याला दस्त कबूल आहे काय, हे दुय्यम निबंधक पाहतात. व्यवहारामागील हेतू तपासणे हे त्यांचे काम नव्हे आणि ते त्यांच्यावर लादूही नये. परंतु बक्षीसपत्र व हक्कसोडपत्र यांत ‘माझ्यावर अमुक कर्जे आहेत, अमुक कर्जाला मी जामीन आहे आणि या हस्तांतरानंतर माझ्यापाशी अमुक मालमत्ता उरते’ असे प्रतिज्ञापूर्वक कथन सक्तीचे करता येईल. खरे सांगितले तर हेतूचा पुरावा कागदावरच राहील. खोटे सांगितले तर गुन्ह्याचा.

तिसरी जबाबदारी पतसंस्थांची आहे. जामीनदाराच्या पगारातून कपात करणे सोपे असते, म्हणून पुष्कळ वसुली विभाग कर्जदाराच्या मालमत्तेकडे कानाडोळा करितात. शेतीकर्जासाठी सहकारी संस्था ज्याप्रमाणे कलम ४८ खाली जमिनीवर बोजा चढवितात आणि कर्ज फिटेपर्यंत ती विकता येत नाही, त्याप्रमाणे मोठ्या वैयक्तिक कर्जांतही आरंभीच गहाणखत करून घेण्यास काय हरकत आहे? पहिला हप्ता थकताच जामीनदाराला कळविले गेले पाहिजे, आणि मालमत्ता हलविण्याची चाहूल लागताच तंटा दाखल करून कलम ९५ चा अर्ज झाला पाहिजे.

शेवटी जामीनदारांसाठी दोन शब्द. सही करण्यापूर्वी मैत्रीला स्मरून पण डोळे उघडे ठेवून, कर्जदाराच्या मालमत्तेचा सातबारा किंवा मिळकतपत्रिका पाहावी; नोंदणी विभागाच्या सूची दोनचा उतारा आता कोणासही काढता येतो. कर्ज फेडावेच लागले, तर पावती जपून ठेवावी, कारण करार कायद्याच्या कलम १४० प्रमाणे धनकोचे सारे अधिकार तेव्हा जामीनदाराकडे येतात आणि कलम १४१ प्रमाणे कर्जाला दिलेल्या तारणाचा लाभही त्याला मिळतो. बक्षीसपत्र झाल्याचे कळल्यावर गप्प बसू नये. दस्त रद्द करून घेण्याच्या दाव्याला माहिती झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते आणि तीन वर्षे बघता बघता निघून जातात.

सहकार या शब्दाला महाराष्ट्रात जे मोल आले, ते कायद्यामुळे आले नाही. एकमेकांसाठी सही करणाऱ्या माणसांमुळे आले. ज्या शाळेत एका सहकाऱ्याच्या बक्षीसपत्रापायी दुसऱ्याचा पगार कापला जातो, तेथे पुन्हा कोणी कोणाला जामीन राहत नाही. मग उद्या ज्याला मुलाच्या शिक्षणासाठी किंवा आईच्या शस्त्रक्रियेसाठी खरोखरच कर्ज हवे असते, त्याच्या अर्जावरची जामीनदाराची जागा कोरी राहते. कर्ज बुडविणारा संस्थेचे पैसे तर बुडवितोच. पण शेजारच्या गरजवंताची पतही तो आपल्याबरोबर बुडवितो. १८७९ साली ज्या चार जिल्ह्यांसाठी कायद्याने कागदापलीकडचे सत्य पाहण्याचे मान्य केले, त्यांत सोलापूर होते. आता कपटाची बाजू बदलली आहे. कागदापलीकडे पाहण्याची गरज मात्र तशीच उरली आहे.